भोकरदन म्हणजे नेमकं कुठे? असईची लढाई (१८०३) आणि हरकाऱ्यांच्या बातम्या

केळणाकाठ

माझं गाव भोकरदन तालुक्यात, केळणा नदीच्या जवळ. पुण्यात कुणी गाव विचारलं की मी "भोकरदन" सांगतो. खरं तर गावापासून भोकरदनचा बाजार तीन कोसांवर. जालन्याच्या माणसाने विचारलं तर गावाचं नाव सांगतो, भोकरदनच्याच माणसाने विचारलं तर थेट वस्ती सांगतो. आपण सगळेच असं बोलतो. गेल्या महिन्यात असईच्या लढाईची इंग्रजी पत्रं वाचताना मात्र मी याच बोलण्यापाशी येऊन थबकलो. तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला. त्यातून ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध पेटलं. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी. दख्खनमध्ये कंपनीच्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली, पुढे वेलिंग्टन म्हणून जगाला माहीत झालेला. २१ सप्टेंबरला बदनापुरात तो आणि कर्नल स्टीव्हन्सन भेटले. मधल्या डोंगरांमुळे दोघांनी दोन वाटांनी जायचं, वेलस्लीने पूर्वेच्या, स्टीव्हन्सनने पश्चिमेच्या, आणि २४ तारखेला एकत्र हल्ला करायचा असं ठरलं.

कुठे हल्ला करायचा, तर भोकरदनला. हरकाऱ्यांनी, म्हणजे निरोप आणि बातम्या आणणाऱ्या माणसांनी, तीच बातमी आणली होती.

२३ ला सकाळी वेलस्ली नळणीला मुक्कामावर पोचला (इंग्रजी कागदांत 'नॉल्निया'). त्याचा हिशेब असा, की शत्रू इथून १२ ते १४ मैलांवर असेल. तिथे कळलं की पाच-सहा मैलांवरच आहे. वर अशीही खबर आली, की घोडदळ निघून गेलंय, पायदळ निघायच्या तयारीत आहे. एवढ्याशा अंतरावरचा शत्रू हातचा जाऊ नये म्हणून तो सामानसुमान मागे ठेवून तसाच पुढे निघाला. उंचवट्यावर येऊन पाहतो तर पायदळ आहेच, घोडदळही आहे. दोघांची सगळी फौज केळणेच्या पलीकडे पसरलेली.

म्हणजे एकाच दिवसात दोन बातम्या चुकल्या. दुसरीबद्दल बोलण्यासारखं फार नाही, छावणीच्या हालचाली लांबून पाहणाऱ्याची गल्लत होऊ शकते. मला सतावते ती पहिली.

लढाईनंतर महिनाभराने, १ नोव्हेंबर १८०३ ला, वेलस्लीने थॉमस मन्रो या कंपनीच्याच अधिकाऱ्याला सविस्तर पत्र लिहिलं. मन्रोने त्याच्या डावपेचांवर शंका घेतल्या होत्या, त्यांना हे उत्तर. त्यात तो सांगतो, की शत्रूची उजवी बाजू भोकरदनला होती, त्या भागातलं मुख्य ठिकाण तेच आणि परगण्यालाही नाव त्याचंच. पण डावी बाजू, म्हणजे ज्याच्यावर हल्ला करायचा ते पायदळ, असईला होतं, भोकरदनपासून सहा ते आठ मैलांवर.

आता सांगा, हरकारा चुकला का? त्याला विचारलं असणार, "फौज कुठे आहे?" तो म्हणाला, "भोकरदनला." मीही तेच म्हणालो असतो. माझ्या आजोबांनीही तेच सांगितलं असतं. गाव, कसबा आणि परगणा तिन्हींना एकच नाव पुरतं, कारण ऐकणाऱ्याला बाकीचं ठाऊक असतं असं आपण धरून चालतो. नकाशावर ठिपका शोधणाऱ्याला ते ठाऊक नसतं.

या गोष्टीचा शेवट वाईट आहे. २३ ला दुपारी लढाई सुरू झाली. स्टीव्हन्सनला तोफांचा आवाज ऐकू आला आणि तो निघाला. वाटाड्याने त्याची फौज आधी भोकरदनकडे नेली. रणांगणावर तो पोचला २४ च्या संध्याकाळी, सगळं संपल्यावर. वाटाड्याने मुद्दाम फसवलं असा त्याला संशय आला आणि पुढे त्याने त्या माणसाला फाशी दिली.

इंग्रजी वृत्तांतात तो माणूस नुसता 'वाटाड्या' म्हणून येतो आणि जातो. मला राहून राहून वाटतं, की ज्या शब्दाने वेलस्लीला चकवलं त्याच शब्दाने त्याचा जीव घेतला. "भोकरदनला चल" असं सांगितलं असेल, तर तो भोकरदनलाच घेऊन गेला. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण आमच्या भागातल्या माणसाबद्दल दोनशे वर्षांत एवढं तरी कुणी म्हणायला हवं होतं.

तुम्हाला काय वाटतं? हरकारे, जासूद, वाटाडे यांच्याबद्दल कुणी वाचलं असेल तर जरूर लिहा.


जुनी_दौत

फार मनापासून लिहिलंय. वाचनखूण साठवली.

मी मोडी शिकून काही वर्षं पेशवाईतली पत्रं वाचतेय. त्या अनुभवावरून थोडी भर घालते. आपल्या पत्रांत हरकाऱ्यापेक्षा 'जासूद' आणि 'कासीद' हे शब्द जास्त दिसतात. जासूद म्हटलं की आज आपल्याला वेष पालटून फिरणारा हेर आठवतो. त्या काळचा जासूद आधी पत्र पोचवणारा, मग पाहिलेलं सांगणारा. बहुतेक वेळा जोडीने पाठवत, म्हणून 'जासूदजोडी'. एक आजारी पडला, बुडाला, पकडला गेला, तर दुसरा पुढे जाईल. आणि दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर धन्याला लगेच कळेल.

पत्रात सगळं लिहीत नसत, हेही महत्त्वाचं. नाजूक मजकूर जासुदाच्या तोंडी असे आणि पत्रात फक्त 'तोंडी सांगतील' एवढं. म्हणजे त्या दिवशी कोण काय म्हणालं याचा मोठा भाग कागदावर कधी उतरलाच नाही. भोकरदनची बातमीही अशीच तोंडी आलेली. इंग्रजीत उतरलं ते त्या बोलण्यातलं एकच नाव.

अजून एक. आपल्याकडे अंतर कोसात सांगत आणि कोस सगळीकडे सारखा नव्हता. साधारण दोन मैल धरतात, पण मुलखागणिक फरक पडे. माणूस चालून किती वेळ लागतो त्यावरून कोस सांगे, चढ असला की कोस आखूड आणि सपाटीवर लांब. वेलस्लीच्या १२-१४ मैलांच्या हिशेबात गावाच्या नावाबरोबर कोसाचाही वाटा असेल असं मला वाटतं.

वेलस्लीची पद्धत मात्र ढिली नव्हती, हे सांगायलाच हवं. त्याने या मोहिमेत बातम्यांची तीन स्वतंत्र खाती केली होती. प्रत्येकाचे हरकारे वेगळे, एका खात्यातल्याला दुसऱ्यातले माहीत नसत. तिन्हीकडच्या बातम्या तो स्वतः ताडून पाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, आपल्या एल्फिन्स्टन कॉलेजचं नाव ज्याच्यावरून पडलं तो, या मोहिमेत त्याच्याबरोबर चिटणीस-दुभाषी म्हणून होता. वय २३. पुण्याच्या रेसिडेन्सीत (कंपनीच्या वकिलातीत) काम केलेलं, त्यामुळे देशी भाषांशी परिचय.

तीन माणसं खोटं बोलत असतील तर ताडून पाहिल्यावर कळतं. तिघंही खरं बोलत असतील आणि तिघांच्याही तोंडी शब्द एकच असेल, तर ताडून काय कळणार?


रानजाई

शेवटचं वाक्य वाचून काटा आला. वाचतेय, लिहीत राहा सगळे.


खानदेशी_वारा

लेख आवडला, पण एका ठिकाणी माझं पटत नाही. मोकळेपणाने लिहितो, राग मानू नये.

तुम्ही त्या वाटाड्याला निरपराध ठरवताय आणि त्यात तुमची माया दिसते. पण त्याने खरोखरच जाणूनबुजून फौज भलतीकडे नेली असेल तर? परका सरदार आला, गावातल्या एका माणसाला धरलं आणि "वाट दाखव" म्हणाला. या माणसाच्या ओळखीचे, नात्यातले कुणी शिंद्यांच्या फौजेत असतील. तोफांचा आवाज त्यालाही ऐकू येत होता. तिकडे काय चाललंय ते त्याला कळत होतं. अशा वेळी त्याने ठरवून दहा हजारांची फौज एक दिवस लांब ठेवली असेल, तर त्या दिवशी आपल्या बाजूने एवढं मोठं काम दुसऱ्या कुणी केलं नाही. फाशी जाताना त्याला ते माहीत असेल.

"बिचारा, त्याला समजलंच नाही" असं म्हटलं की त्याचा जीवही गेला आणि पराक्रमही गेला. खेड्यातला माणूस म्हटला की तो भोळाच, असं इंग्रजांनी धरलं होतं. आपण का धरायचं?


केळणाकाठ

खानदेशी_वारा, राग कसला. तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस उत्तर सुचलं नाही, म्हणून उशीर.

तुम्ही म्हणता ते शक्य आहे. मी लिहिताना त्याला वाचवायला निघालो होतो, हे खरं. त्याच्या मनात काय होतं ते दोन्हीपैकी कुठल्याच बाजूने सिद्ध होणार नाही. पण स्टीव्हन्सनकडेही पुरावा नव्हता, संशय होता. माझा मुद्दा एवढाच, की ज्या मोहिमेत खुद्द सेनापतीची भोकरदनच्या नावाने गफलत झाली, त्याच मोहिमेत भोकरदनकडे गेलेल्या वाटाड्याला मात्र ती सवलत मिळाली नाही. सेनापतीच्या चुकीवर पत्रात चार ओळींचा खुलासा पुरला.


भिंगारवेस

मी नगरचा. आमच्याकडची गोष्ट या धाग्यात यायलाच हवी, ती सांगायला फारशी सुखाची नाही.

८ ऑगस्ट १८०३ ला वेलस्लीने नगरची पेठ शिड्या लावून घेतली आणि किल्ल्यासमोर आला. नगरचा भुईकोट ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. गोल, भक्कम तट, भोवती खोल खंदक. खंदकापुढे मातीचा चढ असा रचलाय की लांबून तटाचा खालचा भाग दिसतच नाही. तोफा कुठे मांडायच्या हाच प्रश्न. नुसतं लांबून बघून तो सुटण्यासारखा नव्हता.

तो सोडवला भिंगारच्या देशमुखाने. रघुराव बाबा हे त्याचं नाव. किल्ल्याभोवतीची जागा हेरून, हल्ल्याला योग्य ठिकाण दाखवून देण्याबद्दल त्याला ४००० रुपये मिळाले. हे नगर जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये नोंदलेलं आहे. १० तारखेला तोफा सुरू झाल्या, १२ ला किल्ला ताब्यात गेला. त्या काळचे हे चार हजार म्हणजे मोठीच रक्कम, पण वेलस्लीच्या दृष्टीने स्वस्तात पडलं. महिना दोन महिने वेढा चालला असता तर दारूगोळा आणि रसद यांतच किती गेले असते.

लहानपणी किल्ल्याभोवती फिरताना मी कितीदा तरी हल्ल्याच्या त्या जागी थांबलोय. ही नोंद वाचल्यापासून तिथे गेलं की मन खट्टू होतं.

आणि आता केळणाकाठ यांचा लेख वाचल्यावर एक गोष्ट टोचते. ज्याने पैसे घेतले त्याचं नाव आहे, हुद्दा आहे, रक्कमसुद्धा आहे. हिशेबाच्या वहीत खर्च टाकायचा तर नाव लागतंच. फाशी दिलेल्याचा कुठे खर्च पडला नाही.


तोफगोळा

टेहळणी म्हणजे शत्रू कुठे आहे एवढंच नाही, तो काय दर्जाचा आहे हेसुद्धा. त्या बाबतीत वेलस्लीला खरी बातमी मिळाली होती आणि ती त्याच्या लोकांनी हसण्यावारी नेली. ही बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते.

कर्नल कॉलिन्स हा शिंद्यांच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे वकील. छावणीबरोबर फिरायचा, कवायती पलटणी रोज डोळ्यांनी बघायचा. ३ ऑगस्टला तो छावणी सोडून औरंगाबादला आला आणि महिनाअखेरीला वेलस्ली त्याला भेटला. कॉलिन्सने सांगितलं त्याचा सारांश असा: यांच्या घोडदळाची चिंता करू नका, ते कुठेही गाठा आणि तुडवा, पण पायदळ आणि तोफा पाहून तुम्ही चकित व्हाल. जॉन ब्लॅकिस्टन नावाचा तरुण अधिकारी तिथे हजर होता. तो लिहितो, की परतताना आम्ही त्या बुटक्या कर्नलच्या थाटाची थट्टा करत होतो, त्याचे शब्द किती खरे ठरणार हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

असईला काय झालं? शिंद्यांच्या कवायती पलटणी सुमारे १०,८०० आणि तोफा शंभराच्या वर. सेनापती पोलमन, हॅनोव्हरचा जर्मन. पलटणींत बेगम समरूची माणसंही होती. वेलस्ली बाजूने नदी उतरतोय हे दिसताच पोलमनने सगळी फळी काटकोनात फिरवली. एवढी मोठी फौज तोफांसकट अशी फिरवणं किती अवघड आहे हे कवायतीच्या मैदानावर उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारा. वेलस्लीची अपेक्षा अशी नव्हती. त्याला वाटलं होतं, की बाजूने गेलो की गोंधळ उडेल.

मग आपल्या गोलंदाजांनी जे केलं ते इंग्रजांनी स्वतः लिहून ठेवलंय. तोफांवरून इंग्रज पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि तोफा उलट्या फिरवून मागून मारा केला. वेलस्लीचे ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. लढाईत उतरलेल्यांपैकी तिघांत एक. इतक्या लढाया लढलेला तो माणूस म्हातारपणीही असईचं नाव आदराने घ्यायचा.

फौज नेमकी कुठे आहे यात मैलांची चूक झाली, ती दुपारपर्यंत भरून निघाली. शत्रू कसा आहे हे खरं सांगणाऱ्याला हसले, ती किंमत मात्र माणसांत मोजावी लागली.


पाऊलखूण

मी फौजेत होतो, आता निवृत्त. तरुण पोरांना टेहळणीचा अहवाल कसा द्यायचा हे शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे हा धागा अगदी जवळचा वाटला.

आम्ही पहिला धडा हा द्यायचो: "शत्रू कुठे आहे" असं सांगू नका. तुम्ही कुठे उभे होतात, कुठल्या दिशेला पाहिलंत, काय दिसलं, किती वाजता दिसलं, ते सांगा. 'कुठे' हा निष्कर्ष आहे, तो नकाशासमोर बसलेला माणूस काढेल. हरकाऱ्याला कुणी "कुठे" विचारण्याऐवजी "तू कुठल्या गावात रात्र काढलीस, तिथून नदी कुठल्या अंगाला, तोफा कुठल्या गावच्या शिवारात" असं विचारलं असतं, तर असईचं नाव आपोआप निघालं असतं. हरकाऱ्याने ते पाहिलेलं होतं. त्याच्याकडून ते काढून घेतलं गेलं नाही.

वेलस्लीचे अधिकारी स्वतः का गेले नाहीत, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर मन्रोच्या पत्रातच आहे. मराठ्यांचं घोडदळ मुलखात इतकं पसरलेलं होतं, की सगळी फौज बरोबर घेतल्याशिवाय टेहळणीला जाण्याची सोय नव्हती. हे आपल्या घोडदळाचं यश. लढाईत ते फारसं कामी आलं नाही असं म्हणतात, पण त्याच्या नुसत्या असण्याने शत्रूच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती.

आता उताराची, म्हणजे नदी पायी ओलांडता येते त्या जागेची गोष्ट. ती मी दरवर्षी सांगायचो. समोरून केळणा ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. वेलस्लीला डावीकडून वळसा घालायचा होता, म्हणजे शत्रूच्या डावीकडून. वाटाडे म्हणाले, तिकडे उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं, तर नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर, पिंपळगाव आणि वरुड. त्याने विचार केला, की दोन गावं इतकी जवळ आहेत तर ये-जा असणारच, आणि ये-जा आहे म्हणजे उतार आहे. अधिकारी पाठवून खात्री केली. उतार निघाला. मन्रोला त्याने कबूल केलं, की शत्रूने ती एकच वाट अडवली असती तर हल्ला अशक्य होता.

म्हातारपणी तो म्हणत असे, की लढाईचं सगळं काम म्हणजे जे माहीत आहे त्यावरून माहीत नसलेलं ओळखणं, टेकडीपलीकडे काय आहे त्याचा अंदाज बांधणं. पुढे स्पेनच्या मोहिमेत त्याने घोड्यावरून एकटे फिरणारे टेहळणी अधिकारी ठेवले, फ्रेंचांची सांकेतिक पत्रं उलगडायला जॉर्ज स्कोव्हेलसारखा माणूस बसवला. त्याआधीचं शिक्षण मात्र आपल्या मुलखात झालं.

वाटाडे "उतार नाही" का म्हणाले असतील? मला तरी त्यात कपट दिसत नाही. सप्टेंबर म्हणजे नदीला पाणी. गावकरी कमरेएवढ्या पाण्यातून डोक्यावर गाठोडं घेऊन जातो ती वाट वेगळी, आणि तोफगाड्यांची, बैलांची वाट वेगळी. फौजेसाठी उतार आहे का असं विचारलं तर प्रामाणिक माणूस "नाही" म्हणेल.


केळणाकाठ

पाऊलखूण, तुमच्या प्रतिसादाने हा धागा काढल्याचं सार्थक झालं. पिंपळगाव-वरुडच्या त्या वाटेबद्दल तुम्ही लिहिलंत ते तंतोतंत खरं वाटतं. आमच्या नद्यांवर आजही असे उतार आहेत, जे फक्त तिथल्या माणसाच्या पायाला माहीत असतात. पावसाळ्यात बायका त्याच वाटेने शेतात जातात, पण पाहुण्याला विचारलं तर "पुलावरून जा" असंच सांगतात.


खाडीपार

थोडं पुढच्या काळातलं, पण याच विषयाचं. ठाण्याची आहे, म्हणून राहवत नाही.

गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या प्रकरणात पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. फितुरी होऊ नये म्हणून पहारा सगळा गोऱ्यांचा. नेटिव्ह शिपाई फितेल, गोरा फितणार नाही, हा हिशेब. पण त्या गोऱ्यांना मराठी येत नव्हतं.

किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा) नोकरीला लागला. तो रोज त्रिंबकजींच्या खिडकीखाली घोडा फिरवायचा, खरारा करायचा आणि गाणी म्हणायचा. पहारेकऱ्यांना वाटलं, गातोय बिचारा काम करता करता. त्या गाण्यांतून सुटकेचा सगळा बेत आत पोचत होता. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी भिंतीला पाडलेल्या भोकातून निसटले. बिशप हेबर नऊ वर्षांनी इकडे आला तेव्हा त्याने ही हकीकत ऐकून लिहून ठेवली आणि त्या गाण्याच्या आशयावर इंग्रजीत कडवी रचली. झुडपाआड माणसं लपलीत, झाडाखाली घोडे उभे आहेत, घोडे ५५ आणि माणसं ५४, असा त्यातला निरोप.

मूळ मराठी ओळी हाती नाहीत, याची मला खरंच हळहळ वाटते. कुठल्या चालीत गायला असेल तो? जात्यावरच्या ओवीच्या की पोवाड्याच्या? सगळा बंदोबस्त माणसांच्या कातडीचा रंग पाहून केला आणि भाषेची दारं सताड उघडी राहिली.


जुनी_दौत

खाडीपार, सुंदर. आणि लगेच वर्षभरात पुण्यात याच्या अगदी उलट घडलं, तेही लिहायला हवं. १८१७ मध्ये बाजीराव युद्धाची तयारी करत होता तेव्हा एल्फिन्स्टन संगमावरच्या रेसिडेन्सीत बसून सगळं ऐकत होता. असईच्या वेळचा २३ वर्षांचा चिटणीस आता रेसिडेंट होता आणि भाषेत मुरला होता. बाळाजीपंत नातू, यशवंतराव घोरपडे अशांकडून पेशव्यांच्या गोटातली खडान्‌खडा बातमी त्याला मिळत होती. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली तेव्हा त्याने फौज आधीच खडकीला हलवली होती. चौदा वर्षांपूर्वी एका गावाच्या नावाने अडलेली माणसं, एव्हाना वाड्यातली कुजबूज ओळखत होती. हा बदल कसा झाला, हे मला १८०३ च्या लढायांपेक्षाही जास्त अभ्यासण्यासारखं वाटतं.


खानदेशी_वारा

पाऊलखूण आणि केळणाकाठ, तुमचं वाचून माझं मत अर्धं बदललं. अर्धं तसंच आहे.

उताराबद्दल पटलं. वाटाड्याबद्दल मात्र एक विचार करा. तोफांचा आवाज असईकडून येत होता. स्टीव्हन्सन त्या आवाजाच्या दिशेने निघाला होता. कान असलेल्या माणसाला दिशा कळते. तरी तो फौजेला भोकरदनकडे घेऊन गेला. "भोकरदनला चल" असा हुकूम असेल तर गोष्ट वेगळी, पण "आवाजाकडे चल" असा हुकूम असेल तर त्याने जाणून केलं. मला अजूनही वाटतं, त्याने जाणून केलं. आणि तसं असेल तर त्याचं नाव नसणं मला तुमच्यापेक्षा जास्त लागतं.


पाऊलखूण

एक भर. डोंगराळ भागात तोफेच्या आवाजाची दिशा फसवी असते. घळींमधून घुमून तो भलतीकडून येतो. मी स्वतः अनुभवलंय. त्यात सप्टेंबरची ओली हवा. स्टीव्हन्सन पश्चिमेच्या वाटेने, डोंगरांच्या पलीकडून येत होता. तेव्हा कानावर फार भार टाकू नका. ज्या वाटेने गाडे जातील अशी वाट कुठून होती, हे आधी पाहायला हवं. माझा अंदाज असा, की तोफांसकट जायला बरा रस्ता मोठ्या गावाला जाणाराच असणार, म्हणजे भोकरदनला.


केळणाकाठ

हा रस्त्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी सगळा वेळ शब्दाशी झटत बसलो.

दिवाळीत गावी जातोय. बदनापूरपासून पश्चिमेच्या अंगाने भोकरदनपर्यंत जुनी गाडीवाट कुठून जात होती ते गावागावांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारणार आहे. डांबरी रस्त्याची नाही, बैलगाडीची. काही ठिकाणी पांदण अजून शिल्लक आहे असं चुलते म्हणतात. पाऊलखूण यांनी सांगितल्यासारखं विचारीन: तुम्ही स्वतः कुठून कुठे गेलात, नदी कुठे लागली, गाडी कुठे अडायची. जे कळेल ते इथेच लिहितो. भिंगारवेस किंवा आणखी कुणाला बरोबर यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. केळणेला तेव्हा थोडं पाणी असेल, पिंपळगावचा उतार पायी ओलांडता येईल.